शेतातल्या हातापायांचा आजार दप्तरी यावा

रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा टेकवायचा आणि यंत्राने तो नाकारायचा, हा प्रकार परभणी जिल्ह्यातल्या खेड्यांना नवा नाही. मग दुसरे बोट लावायचे, मग ओल्या फडक्याने पुसून पुन्हा तेच बोट लावायचे आणि शेवटी ‘उद्या या’ हे ऐकून रिकामी पिशवी घेऊन परतायचे. दोष यंत्राला, नेटवर्कला किंवा म्हातारपणाला दिला जातो. ज्या बोटावरच्या रेषा यंत्राला दिसत नाहीत त्या बोटाला झाले तरी काय, हे मात्र कोणी विचारत नाही. निंदणी, वेचणी, सोंगणी आणि धुणीभांडी यांत ते बोट वर्षानुवर्षे घासले गेले आहे, त्यातला ओलावा गेला आहे, वरचा थर उखडला आहे. अशा हाताच्या आजाराला वैद्यकशास्त्रात नाव आहे, त्याची कारणे माहीत आहेत आणि त्यावरचे उपाय स्वस्त आहेत. तरीही टाचांच्या भेगा, बेचक्यातल्या चिखल्या, तळहाताची निघणारी सालपटे आणि हातावरचा इसब यांना आपण ‘कष्टाची खूण’ म्हणून मोकळे होतो. माझे म्हणणे असे, की शेतात राबणाऱ्यांच्या हातापायांच्या कातडीचे आजार हे त्यांच्या धंद्याचे आजार आहेत. ते तसेच मोजले गेले पाहिजेत आणि ते टाळण्याची जबाबदारी काम करवून घेणाऱ्यांनी व सरकारने उचलली पाहिजे.

ही कातडी मुळात वेगळी आहे, हे आधी समजून घ्यावे लागते. माणसाच्या अंगात २०६ हाडे असतात. त्यांतली १०६, म्हणजे निम्म्याहून अधिक, दोन हातांच्या आणि दोन पायांच्या पंजांत आहेत: प्रत्येक हातात २७ आणि प्रत्येक पायात २६. इतक्या बारीक सांध्यांनी हलणाऱ्या अवयवावर ताणले आणि घासले तरी टिकेल असे आवरण लागते. म्हणून पापणीवर कातडीचा वरचा थर मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याएवढा असतो, तर तळहात-तळपायांवर तो दीड मिलिमीटरपर्यंत जाडा असतो. पण या जाडीबरोबर एक उणीवही आली आहे. तळहात आणि तळपायांवर केस नाहीत, आणि केसांच्या मुळाशी राहून कातडीला वंगण पुरवणाऱ्या तेलग्रंथीही नाहीत. घामाच्या ग्रंथी मात्र इथे भरपूर आहेत. घाम वाळला की मागे तेलकट लेप उरत नाही, त्यामुळे कातडीतला ओलावा झपाट्याने उडतो. वरचा टणक थर पाणी असेपर्यंत लवचीक राहतो आणि कोरडा पडला की वाकताना तडकतो. टाचेवर अंगाचा भार पडला की आतली चरबीची गादी बाजूंना फाकते आणि कोरडी कड उलते. मागून उघड्या चपलेत तिला आधार मिळत नाही. भेग वरच्या थरापुरती असेल तर ती दुखत नाही. ती खालच्या, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेल्या थरापर्यंत गेली की पाऊल टेकवताना कळ येते आणि रक्त निघते.

आता परभणीचे शेतीचे वर्ष या कातडीवरून कसे जाते ते पाहा. पावसाळ्यात इथली काळी चिकण माती चपलेला इतकी चिकटते की पाय उचलणे जड होते. म्हणून चप्पल बांधावर काढून अनवाणी उतरावे लागते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटातली बेचकी सर्वांत अरुंद असते. तिथे चिखल आणि पाणी दिवसभर कोंडते, कातडी पांढरी पडून भिजट होते, फुटते, आणि त्यात बुरशी व जीवाणू वाढतात. याच चिखल्या. पाऊस सरता सरता सोयाबीनची सोंगणी येते. वाळलेल्या शेंगांची टोके आणि खरखरीत झाड हाताला टोचत राहते. त्यानंतर मानवत, सेलू, पाथरीपासून जिंतूरपर्यंत कापसाची वेचणी सुरू होते. उकललेल्या बोंडाच्या सुकलेल्या कडा टोकदार असतात आणि प्रत्येक बोंडातून कापूस ओढताना त्या नखांच्या मुळाशी व बोटांच्या टोकांना ओरखडतात. नेमकी त्याच महिन्यांत कोरडी थंडी पडते. कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्रावरची परभणीची थंडी दरवर्षी बातम्यांत झळकते. त्या हवेत वेचणाऱ्या बोटांचे काय होते, ही बातमी होत नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून ऊसतोडीला गेलेल्या टोळ्यांच्या हातांना कोयत्याचे घट्टे आणि उसाच्या पाल्याचे काप असतात. मजूर स्त्रीचा हात संध्याकाळीही सुटत नाही. घरी कपडे, भांडी, सारवण असतेच. निरोगी कातडी किंचित आम्ल असते. साबण आणि सोडा अल्कधर्मी असतात. दिवसभर ओरखडलेली कातडी रात्री त्यांत भिजली की उरलासुरला ओलावाही जातो.

यात रसायने आणि तणे यांची भर पडते. गाजर गवत १९५५ मध्ये पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्यामुळे होणारा इसब आज भारतातल्या हवेतून लागणाऱ्या त्वचारोगांत अग्रभागी मानला जातो. हे गवत हाताने उपटणाऱ्याला आधी खाज सुटते. मग दरवर्षी त्याच हंगामात मान, पापण्या, कोपराच्या वळ्या आणि हात सुजून चिघळतात. एकदा अशी ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर साथ सोडत नाही. शेतकऱ्याला शेत बदलता येत नाही, म्हणून रोगही हटत नाही. उघड्या हाताने फेकलेला युरिया, बियाण्याला हाताने चोळलेले औषध, फवारणीच्या पंपातून पाठीवरून ओघळणारे द्रावण, या सगळ्यांचा पहिला स्पर्श कातडीलाच होतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वेळी महाराष्ट्राने श्वास आणि मास्क यांवर पुष्कळ चर्चा केली. फवारणाऱ्याच्या अंगात जाणाऱ्या विषाचा मोठा वाटा कातडीवाटे जातो, हे त्या चर्चेत मागे पडले.

इथे पहिला आक्षेप येतो. कष्टकऱ्याची कातडी जाड होते, ती सरावते, निसर्गानेच तिला चिलखत दिले आहे, असे अनेकांना मनापासून वाटते. घट्टा ही घर्षणापासूनची तजवीज आहे हे खरे. पण ती फक्त घर्षणापुरती आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतले त्वचातज्ज्ञ हॉवर्ड मेबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या अंगाच्या निरनिराळ्या भागांवर कीटकनाशके लावून ती किती शोषली जातात हे मोजले. पॅराथिऑन हे विषारी कीटकनाशक हाताच्या कोपराखालच्या पातळ कातडीतून जितके शिरले, त्याहून थोडे अधिकच जाड्या तळहातातून आणि तळपायातून शिरले. आणि ही मोजणी धडधाकट कातडीवरची होती. भेगाळलेल्या, ओरखडलेल्या हातात अडसर आणखी कमी. घट्टाही काही मर्यादेपलीकडे उलटतो. तो कोरडा होऊन कडेला तडकतो किंवा आत रुतून कुरूप होतो आणि प्रत्येक पावलागणिक टोचतो. ‘सरावले’ याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की त्या माणसाने सांगणे सोडून दिले आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्या जिल्ह्यात नापिकी, कर्ज, हृदयविकार, कर्करोग असे प्रश्न उभे आहेत, तिथे भेगा आणि चिखल्यांसाठी यंत्रणा का राबवायची? उत्तर असे, की मोठ्या आजारांचे कितीतरी दरवाजे याच ठिकाणी आहेत. पाय सुजून, लाल होऊन ताप भरणे म्हणजे कातडीखालचा जंतुसंसर्ग, ज्याला डॉक्टर सेल्युलायटिस म्हणतात. फ्रान्समधल्या रुग्णांवरचा एक अभ्यास १९९९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पायाच्या अशा संसर्गांतल्या सुमारे ६१ टक्क्यांचा संबंध बोटांच्या बेचक्यातल्या फुटलेल्या कातडीशी लागतो, असे त्यात दिसले. म्हणजे चिखली वेळेवर बरी केली तर रुग्णालयातला मुक्काम टळू शकतो, हाताला काम असलेले दिवस वाचू शकतात. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू जाते. भेग पडली, काटा मोडला तरी कळत नाही. मधुमेहामुळे पाय कापावा लागलेल्या रुग्णांपैकी ८५ टक्क्यांपर्यंत रुग्णांत आधी पायावर जखम झालेली असते. ती जखम पाहण्यासाठी कुठलेही यंत्र लागत नाही, पाय हातात घेऊन बोटे फाकवून पाहावे लागते. कुष्ठरोगाचेही तसेच आहे. फिकट, बधिर चट्टा, तळव्याला वारंवार होणारी न दुखणारी जखम, वाकडी होत जाणारी बोटे, लुळे पडणारे पाऊल, या त्याच्या खुणा हातापायांवरच उमटतात. बहुविध औषधोपचार मोफत आहे आणि सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण होतो. उशीर झाला तर जंतू मरतात, पण गेलेली संवेदना आणि वाकलेली बोटे सहसा परत येत नाहीत. भेगांसाठी आलेल्या माणसाचे तळवे तपासणारी व्यवस्था हे तिन्ही धोके एकाच बैठकीत पाहू शकते.

कायद्याने या गोष्टी ओळखलेल्याच नाहीत असेही नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याला जोडलेल्या अधिसूचित आजारांच्या यादीत रसायने व रंग यांच्या थेट स्पर्शाने होणाऱ्या त्वचादाहाचा समावेश झाला. कारखान्यात असा रुग्ण आढळला तर तो कळवणे बंधनकारक ठरले. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतही भौतिक, रासायनिक किंवा जैविक कारणांनी होणारे त्वचारोग व्यावसायिक आजार म्हणून होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या यादीतही कामामुळे होणाऱ्या त्वचारोगांना स्वतंत्र जागा आहे. मग तेच रसायन, तोच हात आणि तोच इसब कारखान्याच्या फाटकाबाहेर, शेताच्या बांधावर आला की त्याचे आजारपण का संपावे? उत्तर वैद्यकीय नाही. शेतमजुराला हजेरीपट नाही, एक मालक नाही, कारखाना निरीक्षक नाही, म्हणून त्याच्या कातडीला नोंदवही नाही. जे नोंदले जात नाही त्यासाठी औषध मागवले जात नाही आणि अंदाजपत्रकात ओळ लिहिली जात नाही. नोंद ही म्हणूनच पहिली मागणी आहे.

यावर आरोग्य खात्यातले लोक म्हणतील, की माणसे आहेत कुठे? आशाताईंच्या डोक्यावर आधीच कामांचा डोंगर आहे, आणि त्वचारोगतज्ज्ञ शहरात बसतात. हा आक्षेप रास्त आहे, म्हणून नवी मोहीम, नवे रजिस्टर आणि नवा सप्ताह मी मागत नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येक व्यक्तीचा जो तपासणी-अर्ज आशा कार्यकर्त्या आजही भरतात, त्यात हातापायांच्या मुंग्या, बधिरपणा, तळहात-तळपायांवर वारंवार होणाऱ्या जखमा, वाकडी बोटे यांबद्दलचे प्रश्न आहेतच. त्यात भेगा-चिखल्या-इसब आणि ‘काम कोणते करता’ हे दोन प्रश्न जोडले तर नोंद सुरू होते. मधुमेही पायाची संवेदना पाहायला उपकेंद्रात एक नायलॉनचा बारीक तंतू पुरतो. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या विद्यार्थ्यांना वेचणीच्या हंगामात गावोगावच्या हातापायांची पद्धतशीर पाहणी करायला लावली, तर जिल्ह्याला आपल्याच माणसांची खरी आकडेवारी मिळेल आणि उद्याच्या डॉक्टरांना पुस्तकात न सापडणारे शिक्षण मिळेल.

औषधांचा प्रश्नही अवघड नाही. भेगांसाठी पाय दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात ठेवायचे, टिपून कोरडे करायचे आणि ओलावा असतानाच व्हॅसलीनसारखे घट्ट मलम किंवा युरियायुक्त मलम लावून रात्री सुती मोजे घालायचे. मेण आणि तेल एकत्र करून लावण्याची जुनी घरगुती रीतही ओलावा कोंडून धरण्याच्या याच तत्त्वावर चालते, तिला नावे ठेवायचे कारण नाही. मधुमेह्यांनी मात्र पाणी कोपराने तपासून मगच पाय बुडवावेत आणि ब्लेडने कुरूप कापू नये. चिखल्यांना बेचकी कोरडी ठेवणे आणि बुरशीनाशक मलम नेमाने लावणे पुरते. हातावरच्या झिजलेल्या रेषांचेही असेच आहे. ठशांचा साचा जन्माआधीच कातडीच्या दोन थरांच्या सांध्यावर तयार झालेला असतो, म्हणून वरचा थर झिजला तरी घासणे थांबवून काही आठवडे कातडीला स्निग्धता मिळाली तर बहुतेकांच्या रेषा पुन्हा उठतात. खरा धोका भलत्या मलमांचा आहे. खाज थांबावी म्हणून दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या मिश्र मलमांत अनेकदा तीव्र स्टेरॉइड असते. खाज दोन दिवसांत शमते, पण बुरशी आतल्या आत पसरते, कातडी पातळ होते आणि नायटा हट्टी होऊन बसतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणले. ते बंधन तालुक्याच्या औषध दुकानापर्यंत पोहोचायचे असेल तर उपकेंद्रात योग्य मलम फुकट मिळायला हवे. गरजूला पर्याय न देता केवळ दुकानदारावर डोळे वटारून हे थांबणार नाही.

सर्वांत खरा आक्षेप मात्र मजूर स्त्रियांचाच असतो: हातमोजे घालून वेचणी होत नाही. त्या बरोबर बोलतात. कापूस बोटांच्या टोकांनी चाचपून ओढावा लागतो आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळते. मोज्यामुळे हात मंदावला तर तोटा तिचा होतो. कारखान्यातले रबरी मोजे उन्हात घाम कोंडतात आणि काहींना रबराचीच ॲलर्जी होते. म्हणून ‘त्या वापरतच नाहीत’ असे म्हणून विषय मिटवणे हा अन्याय आहे, कारण त्यांना वापरता येईल अशी वस्तू अजून त्यांच्या हाती दिलेली नाही. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परभणीतल्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात शेतकरी स्त्रियांचे काबाडकष्ट कमी करण्यावर वर्षानुवर्षे संशोधन झाले आहे. बोटांची टोके मोकळी ठेवणारे, मनगटापासून कोपरापर्यंत झाकणारे सुती बाह्या-मोजे, चिखलात न रुतणारी आणि धुऊन लगेच वाळणारी पायताणे यांच्या चाचण्या वेचणाऱ्या स्त्रियांना सोबत घेऊन, किलोमागचा वेग मोजत व्हाव्यात. फवारणीची गोष्ट वेगळी आहे. तिथे चाचपण्याची गरज नाही, म्हणून रसायनरोधक मोजे आणि बूट यांना सूट देण्याचे कारण नाही. पायताणांचा फायदा भेगांपुरताही नाही. साप, काटा, गंज लागलेला खिळा आणि मातीतले कृमी या सगळ्यांपासून तेच पाय वाचवते. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी सरकार मऊ रबराच्या खास चपला फुकट देते. पाय बधिर होण्याआधी तो वाचवण्यासाठी पायताण देणे याहून शहाणपणाचे नाही काय?

खर्च कोणी करायचा, हा शेवटचा प्रश्न. दोन-चार एकरांचा धनी स्वतःच मजुरांबरोबर खुरपे घेऊन बसतो, त्याच्याकडून कारखानदाराची अपेक्षा करता येणार नाही. म्हणून छोट्या शेतकऱ्यांसाठी मोजे-पायताणे कृषी खात्याच्या अनुदानाच्या यादीत यावीत. खुरपे, कोयता आणि पंप अवजारांत मोजले जातात, तर ते धरणाऱ्या हाताचे संरक्षणही अवजारांतच मोजले जावे. कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीबरोबर मोजे देणे विक्रेत्या कंपनीवर बंधनकारक करता येईल. ऊसतोडीपुरता तर पैशाचा मार्ग आखलेलाच आहे. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी साखर कारखान्यांनी गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये द्यायचे ठरले आहे. त्या निधीतून टोळी निघण्याआधी प्रत्येकाचे हातपाय तपासणे, मोजे आणि बूट देणे, आणि परत आल्यावर पुन्हा तपासणे हे कल्याणाचे पहिले काम ठरावे. मुकादम उचल देताना कोयत्याचा हिशेब करतो, त्याच हिशेबात मोजे-बुटांची जोडी लिहिली जावी.

२०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती आणि तिच्यातले दर दहांपैकी जवळपास सात जण खेड्यांत राहत होते. इतक्या माणसांच्या पोटाचा आधार ज्या शेतीवर आहे, ती शेती अजून मुख्यतः हातांनी आणि पायांनी चालते. जागतिक आरोग्य परिषदेने मे २०२५ मध्ये त्वचारोगांना जागतिक सार्वजनिक आरोग्याचा अग्रक्रम म्हणून मान्यता देणारा ठराव केला. त्या ठरावाचा अर्थ जिनिव्हात ठरणार नाही. तो झरी किंवा चारठाण्याच्या उपकेंद्रात आलेल्या वेचणाऱ्या बाईचे हात कोणी उलटे करून पाहतो का, तिच्या कागदावर ‘कामामुळे’ हा शब्द लिहितो का आणि तिला मलमाची डबी देऊन धाडतो का, यावर ठरेल. जिल्हा परिषदेने येत्या वेचणीच्या हंगामापासून हे एका तालुक्यात सुरू करावे, वर्षाअखेर आकडे लोकांसमोर ठेवावेत आणि त्या आकड्यांवरून पुढची तरतूद मागावी. मजुरी म्हणजे नुसते दिवसाचे पैसे नव्हेत. ज्या हातांनी काम झाले ते हात उद्याच्या कामासाठी धड ठेवणे हाही मजुरीचाच भाग आहे, आणि तो आजवर थकलेला आहे.